धारेचे दोन

आदरणीय साडूभाऊ यांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार (डाव्या अंगठ्याला पट्टी असल्यामुळे ते नीट जुळत नाहीत, पण भावना पूर्ण आहे). तुमचा गुडघा अजून जिना उतरतानाच वाजतो की आता चढतानाही? उतरताना वाजला तर सवय, चढताना वाजला तर दुखणं, असं माझं निरीक्षण आहे. डॉक्टरांचं मत वेगळं असेल, पण ते बिचारे शिकून आलेले असतात. वहिनींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुमची मेहुणी माझ्याशी बोलते आहे, म्हणजे बरेच म्हणायचं.

पत्र लिहायला तसं खास कारण नाही. फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणत राहता आणि माणसाला मुद्द्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून लिहितो. तुमच्या भाचीच्या घरी रविवारी दुपारी टेबलाभोवती जी मंडळी बसतात, त्यांतली माझी खुर्ची जायच्या बेतात आहे. यात माझी चूक एका अंकाचीही नाही (अंक मी तपासले आहेत), पण तुम्ही शांत माणूस, तुम्हीच काय ते ठरवा.

त्यांचा खेळ असा असतो. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि ठरवलेलं जमलं की फसलं ते फासे सांगतात. गोष्ट तुमची भाची चालवते. (आठवडाभर ती दातांच्या कवळ्या बनवते. दशांश मिलिमीटरचं काम. तो गुण कोणाकडून आला हे मी सांगणं बरं दिसत नाही.) खालच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई जादूगार आहेत. कोपऱ्यावरचा औषधवाला वैद्य आहे. आणि आपले जावई चोर आहेत. सासऱ्यासमोर बसून ते दर रविवारी कुणाची ना कुणाची कमरेची पिशवी कापतात आणि मुलगी त्यांना शाबासकी देते. मी काही बोलत नाही. लग्न होऊन दोन वर्षं झाली आहेत.

त्यांचा योद्धा बदली होऊन दुसऱ्या गावी गेला. मी त्या दिवशी खिडकीच्या जाळीचं माप घ्यायला गेलो होतो, आणि समोरासमोर लढणारा कोणी नाही म्हणून चौघं हताश बसलेली पाहिली. मला कोणी बोलावलं नाही हे खरं आहे. पण बावीस वर्षं लोखंड कापणारा माणूस मापाची टेप हातात घेऊन दारात उभा असताना वेगळं बोलवायचं काय? मी खुर्ची ओढली.

आता योद्धा बनवायचा तर आधी हत्यार ठरवावं लागतं, आणि इथे बहुतेक लोक घाई करतात. मी नऊ दिवस घेतले. तलवार आणि ढाल हा सगळ्यांचा आवडता मार्ग, पण ढाल धरायची म्हणजे दोहोंपैकी एक हात मार खाण्यासाठी राखून ठेवायचा. आपण हात मार देण्यासाठी आणलेला असतो. दोन्ही हातांत दोन सुरे घ्यावेत तर दोन हातांनी एका वेळी दोन कामं धड करणारी एकच व्यक्ती मी पाहिली आहे, ती तुमची मेहुणी, आणि तिला मी खेळात घेणार नव्हतो. लांब भाला मला मनापासून आवडला होता. पण असला भाला जिन्यात वळतो का हे बघायला मी दहा फुटी पाईप घेऊन मुलीच्या इमारतीत गेलो. पहिल्या वळणावर दिवा फुटला, दुसऱ्यावर भूगोलाच्या बाईंच्या दारावरची पाटी निघाली. बाईंनी दार उघडून विचारलं की हे काय चाललंय. मी म्हटलं, तुमच्याच रक्षणाची तयारी. त्या दिवसापासून त्यांची जादू माझ्या दिशेने जरा कमीच वळते असा माझा संशय आहे.

राहिली दोन हातांची कुऱ्हाड. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात तिचं वजन सव्वातीन किलो दिलं आहे. मला ते पटेना, म्हणून पत्रा, पाईप आणि पाऊण दिवस खर्चून मी वर्कशॉपमध्ये एक बनवलीच. भरली चार किलो एकशे ऐंशी ग्रॅम (अंगठ्याची पट्टी त्याच दिवसाची). ती दोन हातांनी फिरवली तर थांबवता येते का, हाही प्रश्न होता. येत नाही. दूधवाल्यासाठी तयार करून ठेवलेलं शटर मधे उभं होतं म्हणून थांबली. दूधवाल्याला मी समजावलं की पोचा बाहेरच्या बाजूला आहे, आतून दिसत नाही. पुस्तकातल्या अशा चौदा चुका मी एका कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून मुलीला दिल्या. तिने त्या शांतपणे घेतल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवल्या. टेबल डुगडुगायचं थांबलं, तेव्हा कागद वाया गेला असं म्हणता येणार नाही.

मग आले सहा गुण: बळ, काटकपणा, चपळाई, बुद्धी, शहाणपण आणि छाप. त्यांत सहासष्ट अंक वाटायचे, कुठे सहापेक्षा कमी नाही, अठरापेक्षा जास्त नाही. सगळ्यांना सारखे अकरा अकरा वाटणारे लोक असतात. असेच लोक कपाटाच्या चारी बिजागऱ्यांना एकाच मापाचे स्क्रू लावतात. मी बळ अठरा घेतलं, काटकपणा अठरा, चपळाई बारा, आणि उरलेल्या तिघांना सहा सहा. यात वाया गेलेला एक अंक मला दाखवून द्यावा. मुलगी कागद बघून म्हणाली, "बाबा, शहाणपण सहा फार कमी आहे."

मी म्हटलं, "ते मी घरून आणतो."

तिने जावयांकडे पाहिलं. जावयांनी पंख्याकडे पाहिलं.

पहिल्या रविवारी मी सात लांडगे मारले. दुसऱ्या रविवारी एक पूल राखणारा राक्षस, पुलासकट (पूल पाडायचा नव्हता असं नंतर कळलं, कारण आम्हाला परत त्याच वाटेने यायचं होतं). पण खरं सांगतो साडूभाऊ, लांडगे आणि राक्षस हे निमित्त. गोष्ट थांबवून मुलगी एकेकाकडे बघते आणि विचारते, आता तुम्ही काय करता? आणि मग उत्तर येईपर्यंत थांबते. आमच्या घरात पंचवीस वर्षं मी सांगायचो आणि ती करायची, किंवा करायची नाही. एरवी मी तिच्याकडे बिजागरी दुरुस्त करायला गेलो तर ती 'झालं का बाबा' एवढंच विचारते, तेही घड्याळाकडे बघून. रविवारी ती माझ्याकडे बघून विचारते. त्यासाठी मी पुलावरून मागेपुढे कितीही वेळा जाईन, नवा पूल वेल्ड करून देईन. असो. विषय कुऱ्हाडीचा होता.

वैद्याबद्दल माझी एकच तक्रार होती, की तो मागे उभा राहतो. आम्ही पुढे रक्त सांडायचं आणि याने तीस फुटांवरून हात हलवून आठ अंक प्राण परत द्यायचे. आठच का, कुठली मुळी, किती वाटली, असं मी दर वेळी रीतसर विचारत असे. औषधवाला माणूस सभ्य. आठवडाभर काउंटरमागे उभा राहून हेच प्रश्न ऐकतो, रविवारीही ऐकून घ्यायचा. तिसऱ्या रविवारी मी त्याला सरळ म्हटलं की हिंमत असेल तर जखमी माणसाच्या शेजारी येऊन औषध दे. त्याने मान खाली घातली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पुढे आला.

त्याच दिवशी पडक्या गिरणीत चेटकीण होती. तिने माझ्या मनावर मोहिनी टाकली. ती झटकायला वीस बाजूंच्या फाशावर तेरा हवे होते. मला चौदा पडले. मी टेबलावर हात आपटला. मुलगी हळूच म्हणाली, शहाणपण सहाला दोन वजा होतात. चौदा वजा दोन बारा. वजाबाकी चोख होती. (शहाणपण आठ असतं तर एकच वजा झाला असता आणि मी सुटलो असतो. हे मी घरी आल्यावर काढलं.) चेटकिणीने हुकूम सोडला की सर्वांत जवळ असेल त्याला मार. सर्वांत जवळ वैद्य होता, माझ्याच दंडाला पट्टी बांधत.

बारा बाजूंचे दोन फासे टाकले. एकावर नऊ, दुसऱ्यावर बारा. एकवीस. बळाचे चार. पंचवीस. वैद्याचे प्राण सव्वीस. म्हणजे एक उरला. भूगोलाच्या बाईंनी सुस्कारा सोडला, जावई हसले, औषधवाल्याने कपाळ पुसलं, मुलीने पान उलटायला हात घातला. आणि साडूभाऊ, मला राहवेना. चूक डोळ्यांसमोर दिसत असताना गप्प बसणं हे माझ्या हातून कधी झालं नाही.

मी म्हटलं, "थांब. धारेचे दोन राहिले."

राहिलेच होते. मागच्या रविवारी मी कुऱ्हाडीला धार लावली होती, त्याचे दोन अंक मुलीने स्वतः माझ्या कागदावर लिहून दिले होते. मी कागद फिरवून सगळ्यांना दाखवला. सत्तावीस. वैद्य संपला. औषधवाला उठला, स्वतःचा कप विसळून उपडा घातला, चपला घातल्या आणि दारातून म्हणाला, "काका, बेरीज बरोबर आहे." आणि गेला.

पुढचं थोडक्यात. मोहिनी उतरली, मी चेटकिणीवर धावलो, तिने मला एका फटक्यात आडवा केला. माझे प्राण शून्य. नियमाप्रमाणे तीन डावांत कोणी औषध दिलं नाही तर मी संपलो. तेवढ्यात खेळायची वेळ संपली, म्हणून गेले चार दिवस मी त्या गिरणीच्या ओल्या फरशीवर पालथा पडून आहे. मुलीने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "बाबा, येत्या रविवारी वैद्य घेऊन या. नाहीतर तुम्हीपण येऊ नका. हे मी गोष्टीतलं सांगत नाहीये."

सोमवारी सकाळीच मी औषधाच्या दुकानात गेलो. राग कसा अनाठायी आहे हे समजावं म्हणून मी गोळ्यांच्या पाकिटाच्या पाठीवर गिरणीचा नकाशा काढला, कोण कुठे उभं होतं ते फुटांत लिहिलं, आणि त्याने जाड चिलखत घेतलं असतं तर तो आज जिवंत असता हेही दाखवून दिलं. मागे सहा जण उभे होते. एका बाईंनी हळहळून विचारलं की कोण गेलं. मी म्हटलं, हेच. औषधवाल्याने त्यांना त्यांची खोकल्याची बाटली दिली आणि मला विचारलं की काका, तुम्हाला काही हवं आहे का. मी मलमपट्टीचा एक गुंडाळा घेऊन परत आलो.

असो. कळावं म्हणून कळवलं. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत असाल तर वरून खाली लावा.

आपला,
जाळीवाला साडू

ता. क. : तुम्ही येत्या रविवारी मोकळे आहात काय? तुम्ही चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर काचा बदलत 'आता दिसतंय का, आणि आता?' असं एकाच सुरात विचारत आलात. याहून चांगला वैद्य मला सुचत नाही. तुमचा कागद मी भरून ठेवला आहे. शहाणपण अठरा. बळ सहा (रागावू नका, बरणीचं झाकण त्या दिवशी शेवटी वहिनींनी उघडलं होतं). काटकपणाचे अंक गुडघा धरून लावले आहेत. सकाळी नऊच्या बसने निघालात तर दोनला पोचाल. गिरणीत मी डाव्या भिंतीला आहे.

आणखी ता. क. : वरचं सगळं तुमच्या मेहुणीने वाचलं. (पाकीट मी चिकटवलं नव्हतं.) ती म्हणाली, साडूला पाच तास बसने कशाला आणता, दोनशे पावलांवर औषधवाला आहे, त्याची माफी मागा की. मी तिला समजावलं की माफी मागायला छाप निदान दहा लागते, माझी सहा आहे. तिने मला चपला आणून दिल्या.

शेवटचा ता. क. : जाऊन आलो. मागितली. नकाशा न काढता मागितली, एका वाक्यात, आणि मागे चार गिऱ्हाइकं उभी असताना. औषधवाला यायला तयार आहे. अट एकच, की वैद्य तो होणार नाही. तो योद्धा होणार, आणि मी उठलो की वैद्य मी व्हायचं. मुलीला फोन केला की वैद्य मिळाला. कोण, म्हणाली. मी म्हटलं, मीच. म्हणाली की तीनला सुरू करतोय, वाचायचा चष्मा विसरू नका. तर खुर्ची राहिली. पण तुम्ही नऊची बस चुकवू नका, पालथा पडलेला वैद्य स्वतःला उठवू शकत नाही. औषधवाल्याने काउंटरवरच त्याचा कागद भरला, मी उलटा वाचला. दोन हातांची कुऱ्हाड. बळ अठरा. धारेचे दोन त्याने आधीच लिहून टाकले आहेत. आणि शहाणपणासमोर सहाचा आकडा काढताना माझ्याकडे बघून तो असा काही हसला, की मला निदान एक वैद्य माझ्यासाठी वेगळा लागेल.