नऊ जणांचं टेबल

१३ जानेवारी, मंगळवार
पुन्हा बर्फ. बस लेट, म्हणून मीटिंगला मीही लेट. आमच्या बॉसने, वॉल्टरने, उशिरावरून टोकलं नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती. नंतर थांबवून म्हणाला, "मी जूनमध्ये रिटायर होतोय. स्टुडिओ तू चालव, नाहीतर विकतो." त्याने स्वतः उभी केलेली व्हिडिओ गेम्सची कंपनी, तेवीस वर्षांची, आणि विषय दोन वाक्यांत आटोपला! उत्तर पुढच्या आठवड्यात शुक्रवारी हवंय. मी नुसतं "ओके" म्हटलं. ओके काय, डोंबल.

१४ जाने.
श्रीला सांगितलं. नवरोबांचं मत तयारच. "यार, आत्ता कुठे ग्रीन कार्ड हातात आलंय. सुटलीस ना आता? मोठ्या कंपनीत अप्लाय कर." खोटं नाही. बारा वर्षं व्हिसापायी याच ऑफिसात. पण व्हिसा नसता तर गेले असते का? माहीत नाही.
ईराने फोनमधून मान वर न काढता, "आई, जस्ट डोन्ट मेक द गेम्स बोअरिंग." लेकीच्या लेखी निर्णय झालेला आहे.

१६ जाने., शुक्रवार
विकत घेऊ पाहणाऱ्या कंपनीची माणसं आली, एक बाई, एक बाप्या. "इतका छोटा स्टुडिओ एवढी वर्षं टिकला कसा?" वॉ.ने त्यांना जेवणाच्या टेबलाशी नेलं. त्याचा जुना हट्ट: साडेबाराला सगळ्यांनी एकत्र जेवायचं, आणि टेबलाभोवती मावतील तेवढीच माणसं ठेवायची. नऊ. आमचा रेडिओ-दुरुस्तीचा गेम तुफान चालला, तेव्हाही दहावा माणूस घेतला नाही. मी भांडले होते. पुढचे दोन गेम आपटले आणि तरी कुणाला काढावं लागलं नाही, मग गप्प बसले.
बाई म्हणाली, "सो क्यूट." जाताना मला हळूच विचारलं, रेडिओचा गेम सांभाळायला किती जण लागतात? मी खरं सांगून बसले. दोन.
बसमध्ये बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. उरलेल्या सातांचं काय होणार ते. स्वतःचाच इतका राग आला की स्टॉप चुकला.

१८ रवि.
भीती कशाची, ते लिहूनच काढते. मला नाही म्हणता येत नाही. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पुरणपोळ्या माझ्याच गळ्यात. अशी बाई दहाव्या माणसाला नाही म्हणणार?
आणि दुसरं. हो म्हणावंसं वाटतंय. पण ते कामावर जीव आहे म्हणून, की वॉ.ने वर्षानुवर्षं न कुरकुरता माझे व्हिसाचे कागद भरले म्हणून? उपकार फेडायला कंपनी चालवू नये. तेवढं कळतं.

२० जाने.
विचारलंच त्याला, कागदांची परतफेड म्हणून हो म्हणू का. वॉ. चिडला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "कागद भरणं माझं काम होतं. मी केलं, संपलं. नको असेल तर नो म्हण, बट डोन्ट पे मी बॅक." जेवताना टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मला डबा गोड लागला नाही.

२३ जाने., शुक्रवार
उत्तर पाठ करून लवकर गेले. ऑफिसात फक्त वॉ., आणि तोही टेबलाखाली आडवा! थंडीत टेबलाचा एक पाय सैल होतो म्हणे, दर वर्षी. बारा वर्षं त्यावर जेवतेय, मला पत्ता नाही.
"टॉर्च धर." धरला. शेवटचा स्क्रू राहिला तेव्हा गुडघे चोळत बाहेर आला आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. "फार घट्ट नको. लाकूड चिरेल." कोटासकट आत शिरले. खालून कुणीतरी च्युइंगम चिकटवलंय. आमच्या नऊतल्याच कुणीतरी. शोधून काढणार आहे, जूनच्या आधी नाही तर नंतर.
वरून आवाज आला, "सो? काय ठरलं?"
पाठ केलेलं सगळं तोंडाशी होतं. स्क्रू अजून फिरत होता.
"थांब जरा," म्हटलं. "आधी हे होऊ दे."
आणि तो थांबला.