‘एक गोल और’ची चाल कोणाची

अयोध्या नगर, भोपाळ
रविवार, दुपार

ती. ताईस,

धाकटा भाऊ नीळकंठ याचा वाकून नमस्कार. (वाकून हे रीत म्हणून लिहिलं. गेले पाच आठवडे मला कमरेतून वाकता येत नाही. त्याचं कारण पुढे येईलच, ते वाचून माझी कीव करू नकोस.) भाऊजींच्या गुडघ्याला नव्या तेलानं उतार पडला का? ग्वाल्हेरला अजून थंडी असेल, सांभाळून असा. इकडे विनिता मजेत आहे. माझाही रक्तदाब बरा आहे. बाकी माझ्यात बरं म्हणावं असं सध्या काही नाही. घरात दोन-दोन फोन असताना नीलूला कागद कुठून सुचला, असं तू म्हणशील. फोन मी चारदा लावला, ताई. पण तू ‘हं, बोल’ म्हणालीस की माझी वाचा बसायची आणि मी गुडघ्याचं विचारायचो. चौथ्या वेळी तू म्हणालीस, “अरे, त्यांना दोन आहेत, तू कोणत्याची चौकशी करतोयस?” तेव्हा ठरवलं, आता लिहूनच मोकळं व्हावं.

आमच्या वरच्या मजल्यावर समीर राहतो. तो इथल्या व्यावसायिक हॉकी संघाच्या प्रसिद्धीचं काम बघतो. संघाचं नाव ‘ताल टायगर्स’. (भोपाळात ताल म्हणजे तलाव. दुसऱ्या तालाशी या मुलांचा काही संबंध नव्हता, हे मला दहा मिनिटांत कळलं.) मालकांच्या मनात आलं की यंदा संघाचं गाणं भाड्याच्या गायकांनी न गाता खेळाडूंनीच गावं, म्हणजे लोक आवडीनं बघतील. समीर मला म्हणाला, “काका, तुम्ही शिकवता ना गाणं? यांना जरा सुरात आणा.” कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी हार्मोनियमचे वर्ग घेतो, हे तुला ठाऊक आहे. (वर्ग म्हणजे शर्वरी नावाची एक मुलगी, तीही परीक्षा आली की येत नाही.) मी लगेच हो म्हटलं. इतक्या वर्षांत मला कोणी ‘शिकवता ना गाणं’ असं विचारलं नव्हतं.

स्टुडिओ गोविंदपुऱ्यात, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका शेडच्या माडीवर. खालचं मशीन बंद असेल तेवढ्यात रेकॉर्डिंग करायचं. पाच खेळाडू आले. कर्णधार फैजान जुन्या भोपाळचा, बोलायला मधाळ, गायला लागला की स्कूटरची किक मारतोय असं वाटावं. एक हॉलंडचा पोरगा होता, त्याला ‘ठ’ म्हणता येईना. बाकी दोघं लाजून भिंतीकडे तोंड करून गात होते. एक गोलरक्षक टोप्पो तेवढा सुरेल. झारखंडचा, लहानपणी चर्चमध्ये गाणारा. पण त्याच्यापुढे इतर उघडे पडत होते, म्हणून समीरनं त्याला मागे उभं केलं. चाल बांधायला इंदूरहून एक संगीतकार आणले होते. त्यांची चाल वर चढली की फैजान हात जोडून म्हणायचा, “को खां, थोड़ा नीचे से नहीं जा सकते?” (इथे जो तो एकमेकांना ‘खां’ म्हणतो, आपलं ‘अरे बाबा’ तसं.) दोन दिवस हे ऐकून तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ जेवायला म्हणून गेले आणि त्यांनी इंदूरहून फोन केला की आता येत नाही.

आणि ताई, इथे मी ते केलं. सगळे हताश बसले होते, माझी बोटं आपली पेटीवर फिरत होती, आणि त्यातून तुझी चाल निघाली. आईला टायफॉइड झाला, ती दोन महिने इस्पितळात होती, मी पाच वर्षांचा आणि तू बारा. मी जेवेना, म्हणून तू ती रचलीस. ‘आ कर नीलू, आ कर नीलू, एक घास अजून.’ चारच सूर. फैजाननं मान वर केली आणि पहिल्याच दमात तो बरोबर गायला. हॉलंडवालाही गायला. भिंतीकडे तोंड केलेले दोघं माझ्याकडे वळले. अर्ध्या तासात समीरनं शब्द बसवले, ‘ठोक दे खां, ठोक दे खां, एक गोल और.’ मग वही उघडून त्यानं विचारलं, “काका, चाल कुणाची लिहू?”

मी म्हणालो, “माझीच.”

का म्हणालो ते मला अजून सांगता येत नाही. लोभ नव्हता. पाच तगडे जवान माझ्याकडे कौतुकानं बघत होते आणि ‘ताईनं मला वरण-भात भरवताना केलेली’ हे त्यांच्यापुढे सांगायची लाज वाटली. ती लाज परवडली असती.

पुढचं तुला माहीत असेल किंवा नसेल (नसावं, अशी प्रार्थना करतो). गाणं वणव्यासारखं पसरलं. अरेरा कॉलोनीतल्या एका लग्नात वरातीपुढे वाजलं. भाजीवाला मला ‘एक लौकी और’ म्हणून गाऊन दाखवू लागला. पहिल्या सामन्याला मला मैदानात नेलं, पिवळी जर्सी घातली आणि खेळाडूंबरोबर नाचायला लावलं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी वाघासारखी झेप घेतली. (कमरेचं कारण ते हे.) संघ लागोपाठ चार सामने जिंकला आणि माझं डोकं फिरलं. रेडिओवर मुलाखत झाली. मी सांगितलं की ही चाल मला मोठ्या तलावाच्या काठी, पहाटे, बगळे बघून सुचली. मी आठच्या आत उठत नाही हे तुला माहीत आहे, बगळ्यांनाही माहीत असेल. ते खोटं मी एक वेळ पचवलं असतं. पण मुलाखत घेणाऱ्या मुलीनं विचारलं, “घरात आणखी कोणी गाणारं होतं?” आणि मी म्हणालो, “नाही.”

तू तीस वर्षं मुलींच्या शाळेत गाणं शिकवलंस. माझ्यापायी त्या साली तुझं सहावीचं वर्ष बुडालं. आणि मी नाही म्हणालो. विनिता स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत होती. मी घरी आलो तर ती काही बोलली नाही, पानं वाढली. मला वाटलं, तिच्या लक्षातच आलं नाही.

गेल्या रविवारी उपांत्य सामना झाला. आम्ही सात-एक हरलो. पहिला गोल आमच्यावर झाला आणि पाहुण्या संघाच्या लोकांनी आमचंच गाणं सुरू केलं, ‘ठोक दे खां, एक गोल और!’ प्रत्येक गोलाला आवाज वाढत गेला. पाचव्या गोलाला आमचे लोकही त्यात मिसळले, कारण चाल सोपी, तोंडात बसलेली. (ताई, असली टिकाऊ चाल करायची तुला काय गरज होती?) समोर टोप्पो एकटा गोलात उभा. ज्यानं ते सगळ्यांत सुरेल गायलं होतं, त्याच्याच तोंडावर ते फेकलं जात होतं. मी पिवळ्या जर्सीत, सगळ्यांना दिसेल अशा जागी बसलो होतो. मला तिथून उठताही येईना, कारण कमर.

सामना संपल्यावर मी टोप्पोची माफी मागायला गेलो. तो पॅड सोडत होता. म्हणाला, “गाने की गलती नहीं है सर, मैं ही लेट था.” मग दुसऱ्या पॅडचा पट्टा सोडत त्यानं विचारलं, “सर, एक बात पूछूँ? आप हर लाइन के बाद मुँह क्यों खोलते हैं?”

मला कळेचना. त्यानं मोबाइलवर आमच्या तालमीचा व्हिडिओ दाखवला. खरंच, ताई. ‘एक गोल और’ झालं की प्रत्येक वेळी मी आ करतो. पाच जण गाताहेत आणि मधोमध पांढऱ्या केसांचा मी पेटीपाशी पिलासारखा आ वासून बसलोय. दोन लाख लोकांनी तो बघितला, आणि मला एकट्याला ते दिसलं नव्हतं.

मग त्या मुलापुढे मी सगळं ओकलो. तो हसला नाही. म्हणाला, “मैंने अपने छोटे भाई को ऐसे ही खिलाया है। दीदी को बता दीजिए।” सात गोल खाल्लेल्या पोरानं मला धीर द्यावा!

सोमवारी समीरकडे जाऊन मी वहीत नाव बदलून घेतलं. रेडिओवाल्यांनाही चिठ्ठी दिली. आता जिथे जिथे गाणं असेल तिथे ‘चाल : रत्नप्रभा’ असं येईल. तू म्हणशील, जिंकत होते तेव्हा नीलूची, हरल्यावर ताईची. खरं आहे. हा विचार मला मंगळवारी आला आणि तेव्हापासून मी जास्तच शरमिंदा आहे. रागव, पण बोलणं टाकू नकोस.

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा, त्या लायकीचा असलो तर,
नीलू

ता. क. : रेडिओवाले माझी चिठ्ठी वाचणार नाहीत म्हणाले, कारण मुलाखत लोकांना फार आवडली. येत्या शनिवारी सकाळी नऊला ती पुन्हा लावणार आहेत. त्या वेळी रेडिओ बंद ठेवावा.

ता. क. दुसरा : विचारायला तोंड नाही, तरी विचारतो. मालकांना पुढच्या हंगामासाठी गाणं लांब करून हवं आहे. त्या चालीला पुढचं कडवं होतं ना? तू वाटी संपताना काहीतरी वर जाऊन गायचीस. मला आठवत नाही. तुझ्याच नावानं येईल, शपथेवर सांगतो.

ती. वन्संना विनिताचा नमस्कार. ह्यांनी पाकीट चिकटवायला दिलंय, त्यात या चार ओळी घालते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी अवाक्षर काढलं नाही. गाणं आलं त्याच दिवशी तुम्ही ओळखलंत आणि तुमची नातवंडं त्यावर नाचतात, हेही ह्यांना ठाऊक नाही. स्वतःहून सांगायला ह्यांना दोन महिने लागतील असं तुम्ही म्हणाला होतात, सहा आठवड्यांत आटपलं. तेवढं चांगलं म्हणायचं. आता फोनवर लगेच माफ करू नका, निदान शनिवारपर्यंत तरी. घर इतकं शांत कधी नव्हतं, आणि भांडीही हेच घासताहेत.