मागचं सीट

कीथली,
१७ मे १९५४

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

प्लास्टरच्या आत गुडघा खाजतो असं लिहिलं होतंस. विणायची सुई आत घालून खाजवू नकोस, असा आईचा निरोप आहे. जिना नसलेलं घर म्हणून तुला मॉर्कमला सासूबाईंकडे पाठवलं, तर तू म्हणे दिवसभर खिडकीत बसून समुद्राला नावं ठेवतेस. चॅपेलच्या ओल्या पायरीवरून घसरलीस तू, त्यात समुद्राचा काय दोष?

आता खरी बातमी. काल मी तुमच्या जोडसायकलीवर बसले, मागे, तुझ्या जागेवर. झालं असं, की भावोजींना रस्सा द्यायला म्हणून सकाळी गेले, तर ते मागच्या अंगणात सायकल पुसत उभे. तू गेल्यापासून ते रविवारचे बाहेर पडलेले नाहीत. मागचं सीट रिकामं घेऊन सायकल क्लबबरोबर गेलं, की जो तो विचारणार, बायकोला कुठल्या चढावर सांडून आलास म्हणून. तोंड इतकं उतरलेलं, की मीच म्हटलं, चला, मी बसते. ते नको नको म्हणत राहिले आणि म्हणता म्हणता सीट खाली करायला पानाही घेऊन आले. तुझी खाकी चड्डी मला ढगळ झाली, ती पिनांनी आवळली.

चौकात पोचलो तोवर क्लब निघून गेलेला. त्यांचं कुठे जायचं ठरलं होतं तेही भावोजींना ठाऊक नव्हतं. ते घरी वळायच्या बेतात होते. मी म्हटलं, पाटी दिसेल तिथे मी सांगेन तिकडे जायचं, वाद घालायचा नाही. म्हणून स्किप्टनला सरळ न जाता डावीकडे वळलो, तिथून मालमला. भावोजी म्हणाले, चहा घेऊन परत फिरू. पण पाटीवर आर्नक्लिफ असं नाव होतं. मी ते गाव कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, तिकडे.

तो चढ मी चढले नाही, सायकलीला टेकून वर गेले असं म्हण. भावोजी मला विचारत होते, पाय मारतेस का नुसते हलवतेस? वर माळावर वारा असा, की बोललेलं तोंडातच राही. दर थोड्या अंतरावर फाटक, उतरा, उघडा, लावा. आणि मग उतार लागला.

ताई, त्या उतारावर तुझा नवरा गायला. चॅपेलमध्ये नुसते ओठ हलवणारा हॉरेस सगडन मोकळ्या गळ्यानं स्तोत्र म्हणत होता, एकही कडवं न गाळता. मी मागून हात सोडून त्यांना कोकरं दाखवत होते, खालची नदी दाखवत होते. मी जितकं दाखवावं तितका त्यांचा आवाज चढे. एवढा खूश माणूस मी आजवर पाहिला नाही.

खाली एका शेतघरात चहा मिळाला, फ्रूटकेक आणि वर चीजचा हा एवढा तुकडा. मग केटलवेल, बर्नसॉल, आणि दिवे लागायच्या आत घरी. आज मला जिना उतरताना मागे तोंड करून उतरावं लागतंय. तरीही पुढच्या रविवारी पुन्हा बसू का? तू बरी होईपर्यंतच.

लोभ आहे तेवढा राहू दे, चड्डीला पिना टोचल्या म्हणून त्यात काटछाट नको.

तुझी,
एव्हिस

---

मॉर्कम,
२० मे १९५४

चि. एव्हिसला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सासूबाईंनी मोठ्यानं वाचायला लावलं. आर्नक्लिफच्या उतारापर्यंत वाचलं आणि पुढे घसा बसल्याचं सांगून चहा मागितला. घशाला काही झालेलं नाही.

मी तुला त्याच्यावर लक्ष ठेव म्हटलं होतं, मागे बस म्हटलं नव्हतं. तू धाकटी, तुला क्लबातल्या गोष्टी माहीत नाहीत, पण हॉरेसला माहीत आहेत. आमच्यात माणूस एक वेळ अंगावरचा कोट काढून देईल, सीट देत नाही. ते कातडं माझ्या बसण्यानं वळलंय. त्याला माझा आकार येईपर्यंत मी काय सोसलं ते मला विचार. आणि त्यानं पाना आणून ते खाली केलं, तुझ्या बुटक्या पायांसाठी.

पण सीटचं सोड. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या मागे बसले. पाऊस, बर्फ, उन्हाळा. त्या अख्ख्या काळात तो जे बोलला ते एवढंच: खड्डा, फाटक, उतर. उतारावर तर तेही नाही. मी मनाची समजूत घातली होती, की माणूसच अबोल आहे, दगडाला पाझर कुठून फुटणार? आता तू लिहितेस, की तुझ्यासाठी तो एकही कडवं न गाळता गायला. म्हणजे दगड होता तो माझ्यापुरता.

मला तुझा मत्सर वाटतो. लपवून काय करू? इथे सगळं सपाट आहे. म्हाताऱ्या बायका सपाट रस्त्यावरून सपाट चपला घालून फिरतात आणि मला विचारतात, हवा मानवते का. मी रात्रंदिवस एकच रस्ता आठवते, आणि त्यावर आता तू बसलेली दिसतेस, माझ्या चड्डीत.

पुन्हा बसायचं नाही. सीट होतं तिथे वर करायला सांग. हॉरेसलाही मी वेगळं लिहिलं आहे, आणि ते गोड लिहिलेलं नाही.

आईला नमस्कार सांग. लोभ आहे, पण सध्या त्याला हात लावू नकोस.

तुझी ताई,
म्यूरिएल

---

कीथली,
२५ मे १९५४

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी चड्डी धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवली. सीट वर गेलं. परवाच्या रविवारी भावोजी एकटे क्लबबरोबर गेले, मागची जागा रिकामी घेऊन, आणि सगळ्यांची बोलणी खाऊन आले. झालं तुझं समाधान?

तुझा नवरा तुलाच लखलाभ. दिवसभर मला त्यांची फक्त पाठ दिसली आणि ती पाठ पाहायला कोणी तिकीट काढणार नाही. मला आवडला तो रस्ता. गिरणीत आठवडाभर मी एकाच भिंतीकडे तोंड करून उभी असते. त्या दिवशी पहिल्यांदाच कुठलं वळण घ्यायचं हे मी ठरवलं. तेवढंही तुला खुपलं.

आणि ते तुझ्यासाठी कधी गायले नाहीत, हे मला काय ठाऊक? मला वाटलं, दर रविवारी हेच चालतं. तुझ्या रागाचं मूळ त्या गाण्यात आहे, तर गाणाऱ्याला विचार. मी काही ते मागितलं नव्हतं.

तरीही तुझीच,
एव्हिस

---

कीथली,
३० मे १९५४

प्रिय म्यूरिएल,

तुझं पत्र मिळालं. एव्हिसला लिहिलेलंही तिनं आणून माझ्यासमोर आपटलं. मला पत्र जमत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा जमेल तसं लिहितो.

मी खुशीत गात नव्हतो. डार्नब्रुकच्या पुढचा, आर्नक्लिफकडचा उतार तुला माहीत आहे, खाली वळणावर भिंत आहे तो. तुझी बहीण वळण आलं की उलट्या बाजूला कलते. पडू नये म्हणून ती ताठ बसते, आणि त्यानंच आपण पडतो हे तिला पटत नाही. मी डावीकडे घेतोय आणि मागचं अर्धं वजन उजवीकडे ओढतंय. त्यात ती हात सोडून मेंढ्या दाखवत होती. मी ओरडलो असतो तर ती घाबरून आणखी वळवळली असती. तोंडाला जे आलं ते म्हणत सुटलो. स्तोत्र आलं, कारण त्या घडीला मला देवाचीच गरज होती. खाली पोचल्यावर माझे हात ब्रेकवरून सुटेनात. तिला वाटलं, मला चहाची घाई नाही.

तू मागे असतेस तेव्हा मागे कोणी आहे हे मला जाणवत नाही. हे नीट लिहिलं गेलं नाही. म्हणजे असं, की मी वळायचं मनात आणतो आणि सायकल वळलेली असते. त्यावर बोलायचं काय? मला वाटायचं, तुलाही तसंच वाटतं.

सीट खाली केलं ते चुकलं. डॉक्टर प्लास्टर कधी काढणार ते कळव. माझ्या आईला सांग, इथे कोळसा आला.

तुझा,
हॉरेस

---

मॉर्कम,
४ जून १९५४

चि. एव्हिसला अनेक आशीर्वाद.

हॉरेसचं पत्र आलं. वाचून मी इतकी हसले, की सासूबाई काठी टेकत बघायला आल्या, आणि त्या आल्या तेव्हा मी रडत होते. तुला टाकून बोलले, ते मनात ठेवू नकोस. तुझे पाय बुटके आहेत हे मात्र खरं.

काल प्लास्टर काढलं. डॉक्टर भला माणूस आहे, त्यानं फिरवून फिरवून सांगितलं. गुडघा खुर्चीत बसण्यापुरता वाकेल, हळूहळू जिनाही चढेल. पॅडलचा पुरा फेरा घेण्याइतका तो आता कधी वाकायचा नाही. मी दोनदा विचारलं. हे आईला सांग, हॉरेसला सांगू नकोस. पुढच्या शनिवारी तो मला न्यायला येईल तेव्हा मीच सांगेन, गाडीत, म्हणजे त्याला उठून सायकल पुसायला जाता येणार नाही.

तो एकटा त्या सायकलीवर फिरलेला मला बघवणार नाही. घरी बसलेला तर त्याहून नाही. आणि क्लबातली ती टॉमलिन्सनची विधवा मागे बसायला टपलेलीच आहे. तेव्हा तू बस.

माझं सीट काढून माझ्या कपाटात ठेव. त्यावर तू बसलेलं मला चालणार नाही, आजही नाही आणि पुढेही नाही. हॉरेसला तुझ्यासाठी दुसरं बसवायला सांग आणि कातड्याला तुझा आकार येईपर्यंत तूही सोस.

आता नीट वाच. वळण आलं की रस्त्याकडे बघू नकोस, तुला तो दिसणारच नाही. हॉरेसचा खांदा बघ. वळायच्या आधी तो खांदा किंचित खाली जातो, शर्टाला एक चुणी पडते. ती पडली की तूही तिकडे जा, विचार करू नकोस. भीती वाटली तर आणखी जा. हात सोडायचे नाहीत. मेंढ्या नदीपलीकडेही असतात, त्या खाली पोचल्यावर दाखव. चढाला तो श्वास रोखतो, तेव्हा पायात जोर घालायचा, तो मागणार नाही.

आल्यावर हे सगळं मी तुला अंगणात बसवून शिकवीन. मला ते मुळीच आवडणार नाही, आणि मी तुझ्यावर ओरडेन, ते तू ऐकून घे.

तू मन लावून शिकलीस, तर एक रविवार असा येईल, की तो मोठा उतार संपेल आणि हॉरेसच्या तोंडून अक्षर निघालेलं नसेल. तुला खूप बरं वाटेल. घरी येऊन मला ते सांगावंसं वाटेल. तेवढं करू नकोस, एव्हिस. मी विचारलं, तर तो गायला म्हणून सांग.

तुझी ताई,
म्यूरिएल