खुर्चीला घातलेली लडी

माय, तू जाऊन आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात तुला विचारावं असं काही निघालं नाही असं नाही, पण बहुतेक वेळा मीच माझ्या मनाने उत्तर ठरवलं आणि पुढच्या कामाला लागले. हा प्रश्न मात्र तसा निकालात निघत नाहीये. गेल्या आठवड्यात माझी पोरगी मला एक वाक्य बोलली, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. भाजीत मीठ दोनदा पडतं, दूध गॅसवर ठेवून मी अंगणात जाऊन उभी राहते. तिचं बरोबर की माझं, हे फक्त तू सांगू शकली असतीस, कारण भानगडीची सुरुवात तुझ्यापासून आहे.

तू तिला पाहिलंस तेव्हा ती रांगत होती. आता ती नागपूरला नोकरी करते, लग्न झालंय, आणि बाळंतपणाला माझ्याकडे लाखनीला आली आहे. मुलगा झाला. उद्या सकाळी तिचा नवरा गाडी घेऊन येणार आणि दोघांना घेऊन जाणार. म्हणजे जे काही सरळ करायचं ते आजच्या दिवसात करायला हवं, आणि मला तर गुंत्याचं टोकच सापडत नाहीये.

एकोडीचं आपलं घर आठवतं. धान कापून झालेलं, छपरीत पोत्यांची थप्पी, आणि थंडी पडायला लागली की तुझ्या सुया बाहेर निघायच्या. गावात विणणारी तू एकटीच. शाळेतल्या मास्तरांच्या बायकोकडून तू शिकलीस, त्यांची बदली झाली, त्या गेल्या, विणणं तुझ्याकडे राहिलं. बाकीच्या बायका तुला हसायच्या. शेतात धानाच्या रोवणीला तू त्यांच्या बरोबरीने वाकायचीस, तेव्हा कोणी काही बोलायचं नाही. पण बसून हात हलवणारी बाई म्हणजे रिकामटेकडी, असं सगळ्यांचं मत होतं. आजीचं तर होतंच. एकदा चुलीवर भात होता आणि तू चुलीपुढेच बसून काकाच्या स्वेटरची बाही विणत होतीस. ओळ पुरी करते आणि मग पाहते, असं काहीतरी तुझं चाललं असणार. भात लागला. आजी छपरीतूनच ओरडली, "घरभर वास सुटला, आन तुह्या सुया काही थांबून नाही रायल्या! कोणाले घालतं व एवढे स्वेटर?" तू वरचा चांगला भात सगळ्यांना वाढलास आणि तळाचा करपलेला खरवडून स्वतःच्या ताटात घेतलास. त्या दिवसापासून तुझा एक नेम झाला. घरात कोणीही जेवत असलं, अगदी शेजारचं पोरगं भाकर खात बसलेलं असलं, तरी तू सुई हातात धरली नाहीस. मी हा नेम अजून पाळते, आणि का पाळते हे मला कोणी विचारलं तर धड सांगता येणार नाही.

लोकर तेव्हा लडीत यायची. लडी सुटी करून तिचा गुंडा करायचा तर दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांवर ती ताणून धरायला पाहिजे, आणि ते दुसरं माणूस म्हणजे मी. सगळ्या पोरी तलावाच्या पारीवर खेळायला निघाल्या की नेमकी तुझी हाक यायची, "इकडं ये व, लडी धर." मी तोंड वाकडं करून समोर बसायची. हात पुढे, कोपरात वाकवायचे नाहीत, धागा डावीकडून सुटला की डावा हात जरा झुकवायचा, उजवीकडून सुटला की उजवा. खांदे भरून यायचे. मी हात खाली सोडले की तू म्हणायचीस, "हात नको पाडू, मले अजून सांगाचं हाये." आणि तू सांगत राहायचीस. तुझ्या माहेरच्या बोडीत तू पोहायला कशी शिकलीस, बाबा दोन दिवस का बोलत नाहीयेत, थोरल्या मावशीला मूल का झालं नाही. बाईला पाळी येते म्हणजे काय होतं, तेही तू मला असंच हिरवी लोकर गुंडाळताना सांगितलंस. तू धाग्याकडे पाहत होतीस, मी माझ्या हातांकडे. एरवी तू माझ्याशी इतकं बोललीस असं मला आठवत नाही. एरवी तू धान, चूल, गाई आणि सुया यांच्यात वाटली गेलेली होतीस, आणि मी त्या वाटणीत नव्हते असं मला वाटायचं.

तेव्हा मात्र हे काही कळत नव्हतं. मला फक्त राग यायचा की सगळ्या पोरी खेळतात आणि मी खांबासारखी बसलेली. म्हणून माझी पोरगी झाली तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, हिला असं बसवायचं नाही. लाखनीला संसार सुरू झाला, यांचं हायवेवर ट्रकच्या सामानाचं दुकान, घरात सासू-सासरे, येणारे-जाणारे. त्यातून दुपारचा जो वेळ उरेल तो माझा. विणकाम, क्रोशा, दाराची तोरणं, भरतकामाच्या उश्या, जे दिसेल ते मी करत गेले. टीव्हीला झाकण, मिक्सरला झाकण, फ्रिजच्या मुठीलासुद्धा. हे म्हणायचे, "आता मी जरा सुस्त बसलो का मलेही एक खोळ घालून देशीन." हसण्यावारी न्यायचे, चिडले नाहीत कधी. आणि लडी आली की मी ती लाकडी खुर्चीच्या पाठीला घालायची आणि गोल फिरत फिरत गुंडा करायची. पोरगी पलीकडे अभ्यास करत असायची. मध्येच डोकं वर करून पाहायची. एकदा म्हणालीही, "आई, मी धरू काय?" मी म्हटलं, "नाही बेटा, तू आपला अभ्यास कर." मला माझाच अभिमान वाटला होता, खरं सांगते. वाटलं, मायनं माझा वेळ घेतला, मी हिचा घेत नाही.

सातव्या महिन्यात ती आली तेव्हा पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "आई, बाळासाठी काही विणू नको." मी म्हटलं, शहाणी आहे पोरगी, एवढं शिकूनही रीत विसरली नाही. आपल्याकडे मूल जन्माला यायच्या आधी त्याचं नवं कापड घरात आणत नाहीत, जुन्या धोतराचे मऊ तुकडे धुऊन ठेवतात, बस. मी हो म्हटलं आणि शब्द पाळला. बाळासाठी एक टाका घातला नाही. पण हात कुठे थांबतात? नणदेच्या नातवाचा स्वेटर घेतला, मग शेजारणीची शाल, मग खुर्च्यांच्या गाद्यांना आवरणं. ती सुजलेले पाय उशीवर ठेवून माझ्या शेजारी पडलेली असायची आणि मी विणत असायची. मला ते दिवस फार छान गेले. लेक जवळ, हातात काम, आणखी काय पाहिजे असं वाटायचं. बाळ झाल्यावर तर मी रीतीतून सुटलेच. टोपी, मोजे, स्वेटर, सगळं भराभर केलं. तिनं नीट घडी करून कपाटात ठेवलं आणि बाळाला बाजारातले कपडे घातले. मला वाटलं लोकर टोचत असेल, कोवळी कातडी आहे.

आणि गेल्या आठवड्यात मी एक नवी लोकर मागवली. हल्ली सगळी गोळ्यातच मिळते, पण मोबाइलवर पाहून मागवलेली ही भारीतली, हाताने रंगवलेली, ती लडीतच आली. मी खुर्ची ओढली, तिच्या पाठीला लडी घातली आणि फिरायला लागले. पोरगी पलंगावर बाळाला पाजत होती. ती माझ्याकडे पाहत होती हे मला दिसत होतं. मग एकदम शांतपणे म्हणाली, "आई, त्या खुर्चीले तू जितक्या वेळा जवळ बोलावलं ना, तितकं मले नाही बोलावलं."

मी म्हटलं, "काय बोलून राहिली तू? तुहा अभ्यास होता. तुले त्रास नको म्हणून मी एकटी करत होती."

"मले तो त्रास पाहिजे होता," ती म्हणाली. "विणू नको म्हटलं तेही काही रीतभात पाहून नाही म्हटलं. वाटलं, निदान आता तुहे हात रिकामे रायतील. तू तर दुसऱ्याईचे स्वेटर घेऊन बसली."

मी तिथेच खुर्चीजवळ अर्धा गुंडा हातात घेऊन उभी राहिले. राग आला, वाईट वाटलं, आणि खरं म्हणजे हसूही आलं, कारण हे सगळं मी तुझ्यावर रागावून केलं होतं. मग मी म्हटलं, "मंग ये आता, धर." ती म्हणाली, "आता कशी धरू? आता माह्या हातात हा आहे."

तेव्हापासून मी सुया कपाटात ठेवल्या आहेत आणि तिच्याजवळ रिकाम्या हातांनी बसते. हे किती अवघड आहे तुला सांगून कळायचं नाही, किंवा तुलाच कळेल. मी बसते. ती बाळाकडे पाहते, मी तिच्याकडे. मी विचारते, "भूक लागली काय?" ती म्हणते, नाही. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारते, "चहा करू?" परवा तर ती मोबाइल बाजूला ठेवून म्हणाली, "आई, अशी पाहत नको बसू व, मले कसंतरी होते. जा, काही काम कर." म्हणजे विणलं तरी मी जवळ नाही, आणि नुसती बसले तरी जड. आईने लेकीजवळ बसायचं तरी कसं, हे मला आजवर कोणी शिकवलं नाही आणि आता कोणत्या व्हिडिओत शोधू?

म्हणून मला तुला एक विचारायचं आहे. एकदा आमची शाळा लवकर सुटली होती. मी मागच्या दाराने आले तर तू परसात जमिनीवर बसलेली, गुडघे उभे, लडी दोन्ही गुडघ्यांवर ताणलेली, आणि एकटीच भराभर गुंडा करत होतीस. हात असा चालला होता की पाहत राहावं. मला पाहून म्हणालीस, "आली काय? पाय धू जा." पुढच्या सुटीच्या दिवशी पोरी खेळायला निघाल्या आणि तुझी हाक आलीच. मी म्हटलं, "तुहं तर गुडघ्यावर होते, मंग मले कायले बसवतं?" तू म्हणालीस, "गुडघ्यावर गुंता होते." पण गुंता झाला नव्हता, माय. मी पाहिलं होतं.

तुला माझी गरज नव्हती, तरी तू मला बोलावत होतीस. पोरीच्या बोलण्यानंतर मला वाटायला लागलं की तुला मी समोर पाहिजे होते, म्हणून. त्या विणण्याच्या निमित्ताने तू मला थोडा वेळ धरून ठेवत होतीस. हे मनात आलं आणि मी भाजी चिरता चिरता रडले. पण दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट आठवली. मी समोर बसलेली असताना आजी आली की तू घाईने म्हणायचीस, "पोरीले काम शिकवून राहिली ना जी मी." आणि आजी काही न बोलता जायची. मी समोर असले की तुझं विणणं रिकामपणाचं राहत नव्हतं, कामाचं होत होतं. मग मी तुला कशासाठी पाहिजे होते? माझ्यासाठी, की तुझ्या सुयांना कोणी बोलू नये म्हणून? रोज सकाळी मला एक खरं वाटतं आणि दुपारपर्यंत दुसरं. पहिलं खरं असेल तर मी माझ्या पोरीचं मोठं नुकसान केलं. दुसरं खरं असेल तर मी तिला एका खोट्यातून वाचवलं. यांना विचारलं तर म्हणाले, "दोन्ही असन. कायले डोकं शिणवतं?" पुरुषांना बरं जमतं हे.

मी स्वतःलाही विचारून पाहिलं. मी कशासाठी विणते? घरच्यांसाठी, असं मी आयुष्यभर म्हणत आले. पण घरच्यांनी स्वेटर मागितले कधी? मला तो आवाज आवडतो, सुयांचा. मला ते आवडतं की ओळ सुरू केली की ती संपेपर्यंत मला कोणाचं काही ऐकू येत नाही. हे मी पोरीला सांगायला पाहिजे का? सांगितलं तर ती समजून घेईल, की तिचंच म्हणणं खरं होतं म्हणेल?

आज दिवसभर मी तिचं सामान भरत होते. बाळाची लंगोटं, तेलाची बाटली, डिंकाचे लाडू, तिची औषधं. ती मागून आली आणि माझ्या पाठीला टेकून उभी राहिली. मी वळले नाही. वळले असते तर ती बाजूला झाली असती असं वाटलं. मग म्हणाली, "आई, तू चल ना काही दिवस नागपूरले." मी म्हटलं, येईन. ती म्हणाली, "खरंच येशीन?" मी पुन्हा म्हटलं, येईन. तिला धरून ठेवावंसं वाटलं, आणि माझे हात बॅगेत होते.

हे मी तुला लिहिलं खरं, पण टाकायचं कुठे? सकाळी गाडी येण्याआधी फाडून टाकीन, तिच्या हाती लागायला नको. तुलाच म्हणून सांगते, माय. ती जाणार म्हणून सकाळपासून तिची भरलेली बॅग मी पुन्हा पुन्हा उघडून भरते आहे. आणि ती गेल्यावर उद्या दुपारी काय विणायला घ्यायचं, तेही मी ठरवून ठेवलं आहे.