पडेल ते दान

१२ फेब्रुवारी

चि. धाकोबास, ताईचे अ. उ. आ.

कार्ड मिळालं. हरलास! नऊ वर्षं आपण पत्रातून बॅकगॅमन खेळतोय. तू तिथे फासे टाकून दान कळवायचं, मी इथे टाकून. पहिले तीन डाव तुझे, पुढचे आठ ओळीने माझे. दुसरीत शाळा सुटलेली बाई प्रोफेसराला लोळवते, हे मी नळवाल्यालाही सांगितलं. तो बिचारा वॉशर शोधत होता. नळ अजून गळतोयच.

नातीने टॅबलेटवर खेळ शिकवणारा प्रोग्राम घालून दिलाय. मेला प्रत्येक खेळीला ‘चूक’ म्हणतो, आमच्या मास्तरांसारखा. छडी तेवढी नाही. आपली सगळी कार्डं डब्यात आहेतच. पोरीने ते अकरा डाव त्याला भरवले. तो चुका मोजतो, तसं नशीबही मोजतो. म्हणाली, मामाआजोबांच्या चुका थोड्याच, पण दान इतकं वाईट की हजारात एखाद्यालाच पडावं. माझी सोंगटी एकटी सापडली, की ती मारायला तुला हवं ते दान पडतच नाही. हसून पोट दुखलं! तुझ्या फाशांना साडेसाती लागलीय. माझी चांगली जोडी पाकिटात घालतेय.

गुडघ्याला तेल लाव. माया आहेच, वाढव.

तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

फासे मिळाले. दोष फाशांचा नाही. तिसरा डाव हरल्यावर तू लिहिलं होतंस, शिकलेल्याशी कोण पुरणार. ते मला वाचवेना. मला सांभाळायला म्हणून तुझं नाव शाळेतून काढलं. पुढे तुझ्याच पाटीवर मी शिकलो. त्या कार्डानंतर मी फासे टाकलेच नाहीत. तू जिंकशील असं दान लिहीत गेलो. रागावू नकोस. जीव लावतेस तसाच लावत राहा.

धाकोबा

९ मार्च

चि. धाकोबास, अ. उ. आ.

नळ दुरुस्त झाला.

नाव काढलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा तू तोंडात मूठ घालून बसलेला, तुझ्यावर काय रागवायचं? आता सत्तरीचा आहेस. तरी विचारलं नाहीसच. आठ डाव मी सुनेला, शेजारणीला सांगत फिरले. नात काल माझ्याकडे बघेना. तिला आधीच कळलं होतं म्हणे.

प्रोग्राम मला रोज धुतो. महिन्यात चारदा जिंकले. त्या चार खुणा कॅलेंडरवर आहेत. माझी शाळा किती, ते त्याला ठाऊक नाही.

यापुढे कार्डावर खुशाली लिही, दान नको. फासे परत पाठव, मला लागतात. प्रोग्रामचंही दान मीच टाकते, सध्या जुन्या फाशांनी, आणि पडेल तेच भरते. काल मी जिंकत आले होते. शेवटी त्याला जिंकायला हवे तेच सहा-सहा पडले. घरात कोणी नव्हतं. सहा-सहाच भरले.

लोभ आहे तेवढा आहे.

ताई