अठ्ठावीस अंशांचा समुद्र आणि करडा स्वेटर

तीर्थस्वरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तो कागदावरच घालते.) तुमचे गुडघे कसे आहेत? हे गेल्यापासून तुम्ही फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही, तेव्हा त्यांची फारशी झीज झाली नसावी.

मी बेटावरून सुखरूप परत आले. नेलं लेक-जावयानं, पण तयारी माझी. मी शाळा कमी आणि पुस्तकं जास्त पाहिलेली बाई, हे तुम्ही जाणताच. वाचनालयातून उष्ण प्रदेशातल्या बेटांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. तिथल्या समुद्राचं पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं, पोहायला अगदी सुखाचं, असं त्यात छापलेलं. छापील गोष्टीवर माझा विश्वास आहे, पण पडताळा घेतल्यावर. म्हणून यांच्या फोटोच्या दुकानातला, रसायनांत बुडवायचा थर्मामीटर काढला, बादलीत बरोबर अठ्ठावीस अंश जमवले आणि ऐन थंडीत न्हाणीघराच्या फरशीवर उभी राहून अंगावर ओतून घेतले. दात असे वाजले, की शेजारणीला वाटलं कोणी दार ठोठावतंय.

तेव्हाच ओळखलं, पुस्तक लिहिणारा पाण्यात उतरलेला नाही. (हे तरी काय वेगळं सांगायचे? बेटांची जाहिरात दिसली की म्हणायचे, "पाणी गार असेल, पुढच्या वर्षी बघू.") म्हणून तुम्ही यांच्यासाठी विणलेला करडा स्वेटर पोहण्याच्या कपड्यांवर चढवायचं ठरवलं.

किनाऱ्यावर वाळू तव्यासारखी तापलेली. लेक म्हणाली, "आई, लोक बघतायत गं." म्हटलं, "बघू देत, गारठणार मी आहे." उंच खुर्चीवरचा जीवरक्षक खाली उतरून आला. "आजी, थंडी वाजतेय का?" "अजून नाही," मी म्हटलं, "पण वाजेल." जावई आमची ओळख नसल्यासारखे दूरची जहाजं मोजू लागले.

आणि पाय टाकला, तर वन्संऽ, पाणी चक्क उबदार! वर ऊन असलं की तेच अठ्ठावीस अंश अंगाला वेगळे लागतात. (हे पुढच्याच पानावर होतं. मी पान उलटायच्या आधीच बादली भरायला उठले होते.) खुशीत कंबरभर पाण्यात शिरले. स्वेटर पाणी पीत होता, तिकडे माझं लक्ष नव्हतं. एक लाट आली आणि मी बसले ती बसलेच. लोकर इतकी जड होते, हे विणतानाच सांगायचं होतंत. जीवरक्षकानं बाही धरून ओढलं. बाही आली, मी आले नाही. "आजी, स्वेटर सोडा!" तो ओरडला. "सोडायचा असता तर घरीच सोडला असता!" मीही ओरडले. शेवटी जावई बुटांसकट धावले आणि दोघांनी मला पोत्यासारखं बाहेर काढलं. वाळूवर पडून मी पोट दुखेपर्यंत हसले. हे गेल्यानंतर एवढं हसणं पहिलंच.

तुमची,
भावजय

ता. क. कंबरभर पाणी हे जरा वाढवून लिहिलं. गुडघाभर होतं. लेक सांगेलच, म्हणून आधी मीच सांगते.

आणखी ता. क. स्वेटर दोरीवर वाळतोय. बाह्या जमिनीला टेकल्या आहेत. उसवून पुन्हा विणून द्या, असं लिहिणार होते; पण काल घालून पाहिला, आता त्यात आपण दोघी सहज मावतो. पुढच्या थंडीत त्याच बेटावर दोघींसाठी खोली सांगून ठेवली आहे. नाही म्हणू नका. पाणी गार नाही, वन्सं. मी स्वतः उतरून पाहिलंय.