सेनन म्हणजे छोटा म्हातारा

अप्पा, तुम्हाला पणतू झाला. तुमची नात, जी तुमच्या मांडीवर बसून चुरमुरे खायची आणि निम्मे सांडायची, ती आता आयर्लंडात एका दवाखान्यात नर्स आहे. तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न केलं. मुलगा शिक्षक आहे म्हटल्यावर मीही फार ताणलं नाही. मागच्या पंधरवड्यात त्यांना मुलगा झाला, आणि बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे ऐकून मी सुटकेचा निःश्वास सोडतोय न सोडतोय तोच ती म्हणाली, "पप्पा, नाव ठरलंय. सेनन." खरं सांगतो, मला राग आला. घरातलं पहिलं नातवंड, आणि नाव असं की बसवकल्याणच्या बाजारात सांगितलं तर समोरचा दोनदा विचारील. पण तोंडातून जे निघालं ते माझं नव्हतं, तुमचं होतं. मी विचारलं, अर्थ काय त्याचा?

मग जावई इंग्रजीतून सांगू लागला आणि ती मध्येमध्ये मराठीत समजावू लागली. त्यांच्या जुन्या आयरिश भाषेत म्हातारा, जुना यासाठी जो शब्द आहे त्यावरून हे नाव निघालं, आणि त्याला शेवटी लाडानं लहान करणारा प्रत्यय लागला. म्हणजे छोटा म्हातारा. काही लोक शहाणा असाही अर्थ लावतात. फार पूर्वी या नावाचा एक साधुपुरुष त्यांच्या पश्चिमेकडच्या भागात होऊन गेला. शॅनन नदी समुद्राला मिळते तिथल्या बेटावर त्याचा मठ होता. त्या बेटावर एक भयंकर जनावर राहायचं, त्याला त्यानं हुसकून लावलं, अशी गोष्ट सांगतात. तुम्ही इथं चष्मा काढून हसला असता आणि विचारलं असतं, जनावर कुणी पाहिलं? मी नाही विचारलं, जावयाशी अजून तेवढी सलगी नाही.

हे नाव तिथंही सगळीकडं चालत नाही म्हणे. जावयाच्या जिल्ह्यात शाळेत एखादा तरी सेनन सापडतो. जिल्हा ओलांडला की अक्षरं फोडून सांगावी लागतात. आत्ताशी कुठं इकडचेतिकडचे आईबाप ते नाव ठेवू लागलेत. हे मात्र मला लगेच समजलं. हुलसूरच्या आसपास एकाच नावाची चार माणसं भेटावीत आणि उदगीरच्या पुढं तेच नाव कुणी ऐकलेलं नसावं, असं आपल्याकडं काय थोडं आहे?

फोन ठेवल्यावर मला तुमची मुडबीची शाळा आठवत राहिली. जून महिना आहे, तुम्ही प्रवेशाचं रजिस्टर उघडून बसलाय, आणि आपल्या वस्तीतल्या बाया पोरांना ओढत आणतायत. पोरांची नावं कचरा, उकिरडा, माती अशा अर्थांची. आधीची दोन-तीन लेकरं गेलेली असायची. नाव वाईट ठेवलं की मरणाचं या लेकराकडं लक्ष जाणार नाही, या आशेवर ठेवलेली नावं ती. तुम्ही त्यांना हसायचा नाही. एक चांगलं नाव सुचवायचा, मराठीत अर्थ सांगायचा, बाई कानडी असली तर कानडीत सांगायचा. मग तिला म्हणायचा, दारात उभं राहून या नावानं पोराला हाक मार. पोर दूर पटांगणात उभं. बाई लाजायची, पदर तोंडाला लावायची, पण मारायची हाक. ती मोकळ्या गळ्यानं निघाली तरच तुम्ही टाक उचलायचा. अडखळली की दुसरं नाव काढायचा. एका पोरासाठी तुम्ही पाच नावं बदलल्याचं मी स्वतः पाहिलंय आणि बाहेर ताटकळत उभा राहून वैतागलोही आहे.

तुमचं स्वतःचं नाव तसंच होतं. दगडाच्या अर्थाचं. तुमच्याआधी आजीची दोन लेकरं गेली होती. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर वस्तीत कितीतरी जणांनी नावं बदलली, तुम्ही गावाची नावं बदलली, स्वतःचं ठेवलं. आई माझी ह्या नावानं मला जगवून गेली, एवढंच म्हणायचा.

आणि मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो. दहावीचा फॉर्म भरायचा होता. बसवकल्याणच्या हायस्कुलात सर पूर्ण नाव पुकारायचे. माझ्या नावामागं तुमचं नाव आलं की मागच्या बाकावर हसू फुटायचं, आणि मला त्या पोरांचा नाही, तुमचा राग यायचा. मी एका दुकानाच्या पाटीवरचं भारदस्त नाव उचललं आणि वडिलांच्या रकान्यात ठोकून दिलं. कारकून म्हणाला, मूळ शाळेच्या रजिस्टरला दुरुस्ती करून आण. मूळ शाळा तुमची, हेडमास्तर तुम्ही. मी एस.टी.नं मुडबीला आलो. तुम्ही कागद वाचताय. पत्र्याच्या कपाटाला टेकून मी उभा आहे.

"कामून बदलायलास?"

"पोरं हसायलेत."

तुम्ही त्या नव्या नावावर बोट ठेवलंत. "अर्थ काय ह्याचा?"

मला ठाऊक नव्हता.

"अर्थ ठाऊक न्हाई अन् बापाला नाव द्यायलास?"

एवढंच बोललात. मग रजिस्टर काढून लाल शाईनं स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव खोडलंत, वर माझं ते पाटीवरचं नाव लिहिलंत आणि शेजारी दुरुस्ती केल्याची सही केलीत. सही जुन्याच नावाची होती. दारातून हाक मारून बघ असं मला म्हणाला नाहीत. त्या दिवशी घरी चुलीपुढं आईला कळलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला काय, मी जुनं बी घेत न्हाई, नवं बी घेणार न्हाई." तुम्ही खळखळून हसलात. मला वाटलं, मिटलं.

ते खोटं नाव पुढं माझ्या सगळ्या कागदांवर चढलं. कलबुर्गीच्या कॉलेजात, नोकरीत, लग्नपत्रिकेवर, लेकीच्या पासपोर्टाच्या अर्जाबरोबर जोडलेल्या प्रतींवर. तुम्ही लग्नपत्रिका हातात घेऊन पाहिलीत आणि छपाई चांगली आहे म्हणालात. निवृत्त झालात तेव्हा तुमची ती लांब वही मला दिलीत. डाव्या बाजूला पोरांची नवी नावं, उजव्या बाजूला अर्थ. "तुला पुढं लागंल," म्हणालात. मी ती कपाटात टाकली. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा नीट चाळली, तेव्हा दिसलं की साऱ्या वस्तीची नावं तिच्यात आहेत, फक्त तुमचं नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. मागच्या आठवड्यात लेकीचा पुन्हा फोन आला. म्हणाली, "पप्पा, सेननच्या मागं अज्जाचं नाव लावायचंय. कागदावरचं न्हाई. मुडबीची ती म्हातारी आत्या अज्जाला ज्या नावानं हाक मारायची, ते. मला आठवंना. सोमवारी नोंदवायला जायलोत आम्ही." गावात तुम्हाला सगळे गुरुजीच म्हणायचे, तुमची थोरली बहीण तेवढी नावानं बोलवायची. मला वाटलं होतं तिच्याबरोबर ते नाव गेलं. मी म्हणालो, आवाज येत नाही गं, आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

तुमच्या सुनेनं हे सगळं बाजूला बसून ऐकलं. सेननचा अर्थ मी तिला रागाच्या भरात आधी सांगितलाच नव्हता, तो तेव्हा सांगितला. ती एवढी हसली की डोळ्यांना पाणी आलं. "म्हाताराच परत आलाय म्हणा की घरात," म्हणाली. कुणी परत येतं वगैरे तुम्हाला चाललं नसतं, तुम्ही तिला तिथंच समजावत बसला असता. पण मग ती उठली, पुढचं दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली आणि भर संध्याकाळी गल्लीत हाक मारली, "सेनन, ए सेनन, जेवायला ये रे." समोरच्या ओट्यावरच्या बाईनं विचारलं, कोण आलंय? ही म्हणाली, माझा नातू, आयर्लंडात हाय, ये म्हणायलेय. तुमच्या त्या हाकेच्या परीक्षेबद्दल मी तिला कधीतरी सांगितलं असेन, मला आठवत नाही. तिनं लक्षात ठेवलं होतं.

आत येऊन ती म्हणाली, "आता तुमची पाळी."

रविवारी मी फोन केला आणि तुमचं नाव सांगितलं. लेकीनं अक्षरं विचारली, ती सांगितली. अर्थ विचारला, तो सांगितला, आणि आजीनं ते का ठेवलं तेही. रजिस्टरातली लाल शाई सांगितली. मग तिनं नवऱ्याला समजावलं असावं, कारण थोड्या वेळानं तिकडून त्याच्या जाड उच्चारात तुमचं नाव आलं. एकदा, मग पुन्हा, सुधारून. त्यांच्याकडं शेतांचे बांध दगडांचेच असतात, शेकडो वर्षं उभे आहेत, म्हणाला. सोमवारी नोंद झाली. सेनन, आणि त्यामागं तुम्ही. मी वही काढून शेवटच्या पानावर दोन्ही नावं लिहिली आणि उजवीकडं अर्थ लिहिले. छोटा म्हातारा. दगड.

हे पत्र त्याच वहीत ठेवून देणार आहे. लेक विचारत होती, गल्लीत सांगितलंत का पप्पा, बाळाचं पूर्ण नाव? मी व्हय म्हणालो. तसं काही झालेलं नाही, अप्पा. रविवारी तिला तुमचं नाव सांगण्याआधी मी उठून पुढचं दार लावून घेतलं होतं.